बी तर मातीत गेलं : ‘रावे’चे गुण देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची अभ्यास मंडळं, अधिष्ठाता, प्राचार्य, ‘रावे’चे कार्यक्रम अधिकारी आणि तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी मी कृषिकन्या होते. हा शब्द तुमच्या-माझ्या जगाबाहेर कुणी फारसा वापरत नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या तालुका पानावर ‘कृषिकन्यांनी दिले अमुक प्रात्यक्षिक’ अशी एक चौकट येते. फोटोत फ्लेक्स, फ्लेक्सपुढे आठ मुली, मधोमध सरपंच आणि त्यांच्या हातात एक रोप. तशा दोन चौकटींत मीही आहे. दोन्हींत डोळे मिटलेले.

पत्र खुलं आहे, म्हणून बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. बी.एस्सी. कृषीच्या सातव्या सत्रात वर्ग भरत नाहीत, ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. त्यासाठी गावात राहायला जाणाऱ्या मुली म्हणजे कृषिकन्या. रंधावा समितीच्या शिफारशीतून तो आला आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘रावे’ म्हणतात. मी शिकले तो आराखडा कृषी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीचा. त्यात रावे २० आठवड्यांचा आणि २० श्रेयांकांचा : एक आठवडा महाविद्यालयात तयारी, आठ आठवडे गावात, पाच संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात, दोन पीक चिकित्सालयात, तीन एखाद्या कृषी उद्योगात, आणि शेवटचा एक अहवाल लिहून तोंडी परीक्षा द्यायला. आता सहाव्या समितीचा अभ्यासक्रम आलाय, म्हणजे गुणांचे तक्ते पुन्हा मांडले जाणार. ते मांडायच्या आधी हे पत्र तुमच्या टेबलावर पडावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मला बोलायचंय ते गावातल्या आठ आठवड्यांबद्दल. माणसांशी बोलायला आणि माणसांबरोबर काम करायला मी तिथं शिकले. पण जिथं शिकले तिथं गुण नव्हते, आणि जिथं गुण होते तिथं मी नुसती उभी होते.

आधी मी कशी होते ते सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली, सोलापूरकडची. पहिल्या वर्षी इंग्रजी संभाषणाचा विषय होता, पुढं ‘संवादकौशल्य आणि व्यक्तिमत्त्व विकास’ हा दोन श्रेयांकांचा. प्रात्यक्षिकाच्या तासाला गटचर्चा व्हायची. गोलात बसलेल्या आठांपैकी दोघं-तिघं इंग्रजीतून बोलत आणि बाकीचे माना डोलावत. मॅडमच्या तक्त्यात ‘सहभाग’ असा रकाना होता, त्यात माना डोलावणाऱ्यांना दहापैकी सहा मिळत. मला कायम सहा. विस्तार शिक्षणाच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोचवण्याच्या विषयाच्या, पेपरात मात्र मी पुढे असायचे, कारण तिथं संवाद पाठ करता येतो. संवादाच्या बेर्लोच्या मांडणीत चार घटक, लीगन्सच्या मांडणीत सहा, आकृती काढून बाण दाखवले की पूर्ण गुण. शेतकरी त्या आकृतीत उजव्या टोकाच्या चौकटीत बसलेला असतो आणि बाण डावीकडून त्याच्याकडे जातो. परतीचा बाणही असतो, तुटक रेघेचा. तो मी कधीकधी विसरायचे. गुण कापले जात नसत.

गट हजेरी क्रमांकानं पडले. आठ जणी, आणि आमच्याकडे जिल्ह्या-तालुक्यावरूनच हाक मारायची पद्धत : नगरची, कोल्हापूरची, नाशिकची, यवतमाळची, लातूरच्या दोघी, गंगाखेडची आणि मी. नगरची गटप्रमुख झाली, कारण ती धीट होती आणि तिचं अक्षर चांगलं होतं. गंगाखेडची तीन वर्षं माझ्या मागच्या बाकावर बसली असेल, पण तिचा आवाज मला आठवत नव्हता. मराठवाड्यातलं गाव, ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली, एक शेगडी, एक नळ.

पोचलो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. वेळापत्रकात पहिलं प्रात्यक्षिक होतं बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाला बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक लावणं. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करायची, हे आम्हीच तीन वर्षं घोकलेलं. त्या वर्षी तेवढा पाऊस जूनमध्येच झाला होता. आम्ही गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन दोन-तीन पानांवर उभं होतं. एकीच्याही डोक्यात आलं नाही. वेळापत्रक छापील होतं ना!

मारुतीच्या पारावर फ्लेक्स बांधला. वीस-बावीस माणसं जमली, त्यातली निम्मी एसटीची वाट बघणारी. नगरची बोलायला लागली. उगवणक्षमता, रोगकारक बुरशी, जिवाणू संवर्धक, सगळं बिनचूक, वर्गात बोलावं तसं. मधेच कडेला बसलेले एक आबा म्हणाले, “पोरी, बी तर मातीत गेलं. आता चोळू कुणाला?”

सगळा पार हसला. नगरचीही हसली, पण तिचा चेहरा उतरला आणि पुढच्याच वाक्याला आकडे उलटे झाले. किलोला थायरम हे बुरशीनाशक २५ ग्रॅम आणि रायझोबियम हे जिवाणू संवर्धक ३ ग्रॅम, असं ती बोलून गेली. खरं ते थायरम ३ आणि रायझोबियम २५. आमच्यात ठरलं होतं की एकीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी हसत उभं राहायचं, फोटोत शिस्त दिसते. सात जणींनी ती चूक ऐकली. सहा जणी हसत उभ्या राहिल्या. गंगाखेडची म्हणाली, “थांब, उलटं झालं.”

त्या रात्री खोलीत जे झालं त्याला तुमच्या भाषेत ‘गटातील संघर्ष’ म्हणतात. नगरचीचं म्हणणं, चारचौघांत तोंडावर पाडलंस, नंतर सांगता आलं असतं. गंगाखेडचीचं म्हणणं, नंतर कुणाला सांगायचं? माणसं एसटीत बसून गेली असती, आणि पुढच्या जूनला त्यांना तोच आकडा आठवला असता. बुरशीनाशक आठपट. मी कुणाच्या बाजूनं बोलले? कुणाच्याच नाही. मान डोलावली, सवयीनं.

तीन दिवस एका शेगडीवर दोन कुकर लागले. आधी यांची डाळ, मग त्यांची डाळ. मधे पडून कुणी समेट घडवला असं झालं नाही. तिसऱ्या दिवशी गॅस संपला आणि टाकीचे पैसे ज्या डब्यात होते तो डबा सगळ्यांचा होता. हिशेबाला बसलो आणि हिशेबातनंच बोलणं निघालं. नाशिकची म्हणाली, आकडा सांगणारी आणि आकडा तपासणारी या दोन वेगळ्या करा. पुठ्ठ्यावर प्रमाणं लिहायची, बोलणारीच्या शेजारी एकीनं तो पुठ्ठा घेऊन उभं राहायचं, आणि चूक झाली की तिथल्या तिथं अडवणं हेच तिचं काम. म्हणजे अडवलं तर अपमान नाही, ड्युटी. त्या कामाला आम्ही ‘आकडेवाली’ म्हणायला लागलो. रोज वेगळी आकडेवाली. पहिल्या दिवशी नगरचीनं तो पुठ्ठा स्वतःहून मागून घेतला.

हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?

पुढं एकेक गोष्ट ध्यानात येत गेली, बरीचशी ठेच लागून. आठ जणी बांधावर आल्या की शेतकरी उभा राहून ‘या मॅडम’ म्हणतो, चहाचं बघायला कुणाला तरी पिटाळतो आणि विचारलं तेवढ्याला ‘हो’ म्हणतो. दोघी गेल्या तर तो काम चालू ठेवतो आणि काम करता करता खरं सांगतो. वही उघडली की माणूस मिटतो. म्हणून एकीनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं आणि बांध ओलांडल्यावर दोघींनी मिळून लिहायचं. लिहिताना दोघींना वेगवेगळं ऐकू आलेलं असायचं, तेव्हा परत जाऊन विचारायचं. परत विचारायला गेलो की माणसं चिडतील असं मला वाटायचं. उलट ती खूश व्हायची : पोरींनी ऐकलं म्हणायचं.

शब्दही बदलले. ‘बीजप्रक्रिया’ गावात कुणी म्हणत नाही, ‘बियाला औषध चोळणं’ म्हणतात. आमच्या छापील प्रश्नावलीत ‘आपण एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा अवलंब करता काय?’ असा प्रश्न होता. त्याचं उत्तर शंभर टक्के ‘हो’ येतं, कारण नाही म्हणायला आधी प्रश्न कळावा लागतो. गंगाखेडचीनं तोच असा विचारला : “फवारा कधी घ्यायचा हे कसं ठरवता? अळी बघून, का दुकानदार म्हणतो म्हणून?” आता उत्तरं यायला लागली, आणि ती लांब होती.

बायकांशी बोलणं तिनंच आम्हाला दाखवलं. खुरपणाऱ्या बायकांना बाजूला बोलावून माहिती विचारायला गेलात तर त्यांचं ओळीतलं काम मागं पडतं आणि मुकादमीण करवादते. ही सरळ खुरपं घेऊन ओळीला लागायची. खुरप्याशिवाय बायका बोलत नाहीत असं नाही. पण तुमच्या हातात खुरपं असलं की तुम्ही त्यांचा रोज बुडवत नसता. सोयाबीनचा निर्णय नवऱ्याचा, पण परसातल्या भाजीचं आणि शेळ्यांचं गणित बाईचं, आणि खताची गोणी उधारीवर किती महाग पडते ते बाईला तोंडपाठ, हे मला त्या ओळीत कळलं. तीन वर्षं महाविद्यालयात जिचा आवाज ऐकला नव्हता, ती इथं बोलायची थांबत नव्हती. ती बदलली नव्हती. तिच्या बोलीत बोलणारी माणसं भेटली होती, एवढंच.

बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचा दिवस मात्र सविस्तर सांगायलाच हवा. एका काकांची मोसंबीची बाग, झाडांना डिंक्या रोगाची सुरुवात. दहा लिटरचं एक टक्का मिश्रण करून दाखवायचं होतं. १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना पाच लिटर पाण्यात, आणि दोन्ही द्रावणं एकाच वेळी, सारख्या धारेनं तिसऱ्या बादलीत. बादल्या प्लॅस्टिकच्या, कारण मोरचूद लोखंडाला खातं. पुस्तकात ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात दोघींनी भरलेल्या बादल्या उचलून तिरक्या धरायच्या, एकमेकींच्या धारेकडे बघत ओतायचं, आणि तिसरीनं काठी फिरवत राहायचं. कोल्हापूरचीची धार जोरात, माझी बारीक. काठीवाली ओरडतेय, “हळू गं, तू हळू, आणि तू जरा सोड!” तिच्या आवाजावर आम्ही दोघी. असं काम एकटीनं होतच नाही, आणि कोण हुशार, कोण धीट यानं तिथं काही फरक पडत नाही.

मग विळा. घासून चकचकीत केलेलं पातं मिश्रणात मिनिटभर बुडवायचं. स्वच्छ निघालं तर मिश्रण बरोबर. आमचं पातं तांबूस निघालं.

जुलैमध्ये हे झालं असतं तर आम्ही विळा पाठीमागे धरला असता. त्या दिवशी आकडेवाली लातूरची धाकटी होती, ती मोठ्यानं म्हणाली, “काका, तांबूस आलं. म्हणजे मोरचूद मोकळं राहिलंय. हे असंच फवारलं तर पानं करपतील.” चुना जुना निघाला होता, हवा लागून मेलेला. चुन्याची निवळी आणखी घातली, ढवळलं, पातं घासून पुन्हा बुडवलं. दुसऱ्यांदाही पुसट तांबूस. तिसऱ्यांदा स्वच्छ. तोवर काकांनी विळा आमच्या हातातून काढून घेतला होता आणि शेजारच्या बागेचा मालक काठी फिरवत होता. मिश्रण पहिल्या झटक्यात जमलं असतं तर त्या दोघांना चुकलेलं पातं कसं दिसतं ते कधी दिसलंच नसतं.

यातलं काही फोटोत नाही. फोटो आधीच काढून झाला होता, ओळीत उभं राहून, बादल्या भरायच्या आत.

आता ‘लॅगार्ड’बद्दल. पेपरात आम्ही रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाची वर्गवारी लिहितो. नवं तंत्र सगळ्यांत आधी घेणारे अडीच टक्के, मग साडेतेरा, चौतीस, चौतीस आणि शेवटचे सोळा टक्के मागे राहणारे, म्हणजे लॅगार्ड. आमच्या सर्वेक्षणात ‘बियाणे बदल’ हा निकष होता. पारावरचे ते आबा बाजारातली पिशवी घेत नसत, वर्षानुवर्षं घरचं बी पेरत. तक्त्याप्रमाणे ते लॅगार्ड, तशी खूणही मी केली. चौथ्या आठवड्यात त्यांच्या ओसरीवर बसले असताना त्यांनी सांगितलं की दर मे महिन्यात ते ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात, सत्तरच्या वर मोड आले तर पेरतात, नाही तर शेजारून बी बदलून आणतात. सोयाबीनचं परागीकरण त्याच्या त्याच फुलात होतं, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं, आणि उगवण तपासायची हीच पद्धत कृषी विभाग दर उन्हाळ्यात सांगत फिरतो. लॅगार्ड माणूस खात्याच्या सल्ल्याप्रमाणे वागत होता, आमचा तक्ताच मागं होता. मी खूण खोडली. खुद्द रॉजर्स आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांनीही संकरित मक्याचं बी बरीच वर्षं घेतलं नव्हतं, १९३६च्या दुष्काळात शेतातलं पीक वाळल्यावर त्यांना ते पटलं. तक्ता करणाऱ्याच्या घरातच तो शेवटचा रकाना बसलेला होता म्हणायचा.

नकाशाचंही असंच झालं. सहभागी ग्रामीण मूल्यांकनात गावकऱ्यांकडून रांगोळीनं सामाजिक नकाशा काढून घ्यायचा असतो. पारावर तो झाला, रंगीत आणि देखणा. त्यात ओढा होता, ओढ्यावरचा पूल होता आणि पुलापलीकडे मोकळी जमीन. गंगाखेडची रोज सकाळी त्या मोकळ्या जमिनीतून दूध आणायची. तिथं २२ घरं आहेत. पारावर त्या घरातलं कुणी नव्हतं, आणि का नव्हतं ते महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-दोघी करून तिकडं गेलो. तिथल्या बायकांनी अंगणात कोळशानं दुसरा नकाशा काढला. त्यात मारुतीचं देऊळ नखाएवढं होतं, आणि बंद पडलेला हातपंप आणि पूल पाण्याखाली गेला की पोरांना शाळेला न्यायची बांधावरची वाट हे दोन्ही ठळक. गटात यावरून पुन्हा वाजलं. कुठला नकाशा रेकॉर्डला लावायचा? आम्हाला सांगण्यात आलं, नकाशा एकच लावा, सुबक लावा. पारावरचा लागला.

रेकॉर्डविषयी एक कबुली देऊन टाकते. गावाची प्रस्तावना आम्ही मागच्या तुकडीच्या रेकॉर्डवरून उतरवली. लोकसंख्या, पीकक्षेत्र, सगळं. सरपंचाचं नावही तेच आलं. मधल्या काळात गावात निवडणूक झाली होती. नवे सरपंच आमच्या फोटोत रोप धरून उभे आहेत आणि शेजारच्या पानावर जुन्यांचं नाव आहे. चूक आमची, त्यात वाद नाही. पण ते पान तीन सह्यांखालून गेलं.

तोंडी परीक्षेला मला विचारलं, “संदेशवहनातले अडथळे सांगा.” मी सांगितले : भौतिक, भाषिक, मानसिक, सांस्कृतिक. छान, म्हणाले. माझ्या मनात वेगळीच यादी चालली होती. फ्लेक्स हा अडथळा, उघडी वही हा अडथळा, आठ जणी एकत्र हा अडथळा, साडेचारची एसटी हा अडथळा, आणि सगळ्यांत मोठा अडथळा माझी मान, जी कळलं नाही तरी डोलते. पण ते सांगायचं धाडस झालं नाही. म्हणजे आठ आठवड्यांत मी पूर्ण सुधारले होते असं काही समजू नका.

आमच्या गटात सगळ्यांत कमी गुण गंगाखेडचीला मिळाले. फ्लेक्सपुढे उभं राहून बोललेली ती एकदाही नव्हती, आणि गुण ‘सादरीकरणा’ला होते. नगरची ते गुण बघून विभागात भांडायला गेली होती. नगरची! उपयोग झाला नाही.

तुमची अडचण मला कळते. मी आता एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते, गावोगाव सभासदांच्या बैठका घेते आणि वरच्यांना पुरावे पाठवते, तेव्हा पुराव्याची लाचारी मला चांगली माहीत आहे. एका कार्यक्रम अधिकाऱ्याकडे पाच-पाच गावं, शिवाय स्वतःचे तास, स्वतःचं संशोधन. फोटो, कात्रण, रोजनिशी, हजेरीवरच्या सह्या हे मोजता येतं म्हणून मोजलं जातं. पण मुलं त्याच्यामागे धावतात हो. कात्रणाला गुण असले की मुलं शेतकऱ्याच्या आधी वार्ताहराला फोन करतात. आम्ही केला होता.

म्हणून मागणं. पहिलं आणि सगळ्यांत सोपं : गावातले आठ आठवडे मृगाला धरून सुरू करा. शैक्षणिक दिनदर्शिका आडवी येत असेल तर निदान छापील वेळापत्रक रद्द करा, शिवारात पीक ज्या अवस्थेत असेल तेच प्रात्यक्षिक गटानं निवडावं आणि का निवडलं ते चार ओळींत लिहावं. ‘बी तर मातीत गेलं’ हे ऐकायला दर जुलैला किती गट उभे राहत असतील कोण जाणे.

दुसरं, गुण पहिल्या प्रात्यक्षिकाला देऊ नका, दुसऱ्या भेटीला द्या. ज्या शेतकऱ्याला सांगितलं त्याच्याकडे महिन्यानं परत जा, त्यानं काय केलं, काय केलं नाही आणि का नाही, ते त्याच्या शब्दांत लिहून आणा. ‘नाही केलं’ हे उत्तर आणलं म्हणून गुण कापू नका. आणि तपासायला गावात जायलाच हवं असं नाही. प्रत्येक गटामागे कुठल्याही दोन शेतकऱ्यांना तुम्ही स्वतः फोन करा. ‘पोरी आल्या होत्या का, काय म्हणाल्या?’ दहा मिनिटांत सगळं कळतं.

बोलण्याचे गुण उभं राहून बोलण्यापुरते ठेवू नका, आणि गटाचे गुण देताना गटाला एकदा तरी विचारा की तुमचं कशावरून वाजलं आणि मग काय केलंत. ‘आमच्यात सगळं छान होतं’ म्हणणाऱ्या गटाकडे जरा संशयानं बघा. रेकॉर्डची जाडी कमी करा आणि त्यात चुकांचं एक पान सक्तीचं करा. कात्रणं तर बंदच करून टाका.

हे फक्त कृषीपुरतं राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कला, वाणिज्य, विज्ञानाच्या महाविद्यालयांतही क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प आलेत. माझा धाकटा भाऊ बी.कॉम.ला आहे. त्यानं परवा फोन केला, मला वाटलं लोकांशी बोलायचं कसं ते विचारेल. त्याला फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटवणारं ॲप कुठलं ते हवं होतं.

एक गोष्ट राहिली. सातव्या आठवड्यात आबा आमच्या खोलीवर आले होते. हरभऱ्याला मर लागते, त्याला काही आहे का? आम्ही म्हटलं आहे, पण पेरायच्या आधी, बियालाच. ते म्हणाले, “मग तेव्हा या.” ऑक्टोबरात आम्ही संशोधन केंद्रात होतो. गावाचे गुण भरून झाले होते. एका रविवारी आठांपैकी पाच जणी एसटीनं गेलो. फ्लेक्स नाही, फोटो नाही. आबांच्या ओसरीवर गोणपाट पसरलं, त्यावर हरभरा. नगरची बोलायला लागली, चार वाक्यं, साधी. ट्रायकोडर्मा किलोला पाच ग्रॅम, रायझोबियम पंचवीस, हलक्या हातानं चोळा, साल निघू देऊ नका, सावलीत सुकवा, लगेच पेरा. आबांनी तिला मधेच हात दाखवून थांबवलं.

“आकडेवाली कुठाय?” म्हणाले.

पुठ्ठा आम्ही खोलीवर विसरून आलो होतो. गंगाखेडचीनं आकडे तोंडी तपासले, मग आबांनी चोळायला घेतलं.

आमच्या रेकॉर्डची प्रत अजून विभागाच्या कपाटात असेल. नवीन तुकड्यांना जागा करायला ती कधीतरी रद्दीत जाईल, जाऊ दे. पण ४१ नंबरचं पान तेवढं फाडून ठेवा. सुबक नकाशाच्या मागच्या बाजूला, सह्या होऊन गेल्यावर, मी पेन्सिलीनं कोळशाचा नकाशा उतरवून घेतलाय. २२ घरं, हातपंप, बांधावरची वाट. पुढच्या वर्षी त्या गावात जो गट जाईल त्याच्या हातात पहिल्याच दिवशी ते पान द्या, आणि हातपंप चालू झाला का ते बघून यायला सांगा.

आपली,
एक माजी कृषिकन्या